हसाकाकांचा एकट्याचा फोटो

गल्लीत त्यांना हसाकाका म्हणत, आणि त्यात काही विनोद आहे असं कुणाला वाटतही नसे. हा माणूस स्वतः हसायचा म्हणजे वर्षातून एखादवेळी, तेही कुणी बघत नसताना. पण कॅमेऱ्यामागून दुसऱ्याला "हसा!" म्हणायचे ते असं दरडावून, की पासपोर्टच्या फोटोत हसायला मनाई असूनही समोरच्याचे दात दिसायचे. मग हेच चिडायचे, "तुम्हाला हसायला कोणी सांगितलं?" आता यावर माणसानं बोलायचं काय!

दुकान चिंचोळं. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्याआड दोन दिवे आणि एक गोल स्टूल. ज्याच्या त्याच्या खिशात फोन आल्यापासून बाकीची कामं आटली होती. उरली होती ओळखपत्रांची, आणि आणखी एक, ज्याला हसाकाका आणि त्यांची लेक 'एकट्याचं काम' म्हणत. घरातलं माणूस गेलं की कुणीतरी फोन घेऊन यायचं. फोटोत दहा जणांचा घोळका. त्यातल्या एकावर बोट ठेवून म्हणायचं, "यांचा एकट्याचा करून द्या." मग बाकीच्यांचे हात, खांदे, केस पुसायचे, कडा साफ करायच्या, मागे फिकट निळा रंग भरायचा आणि छापून पाकिटात घालायचं. या कामात लेक तर बापाच्याही वरचढ झाली होती.

एक गोष्ट मात्र हसाकाकांनी लेकीलाही कधी सांगितली नव्हती. हे फोटो बरेचदा सहलीतले असत, आणि त्यातही दुखण्यातून उठल्यावर काढलेल्या सहलीतले. "हॉस्पिटलातून आल्यावर मुद्दाम घेऊन गेलो हो त्यांना," असं सांगता सांगता माणसं काउंटरवर रडायला लागत. एकदा एका गृहस्थांचा फोटो आला होता, थीम पार्कमधला. अस्वलाच्या वेषातल्या कुणीतरी त्यांच्या खांद्यावर भलामोठा पंजा टाकलेला, आणि गृहस्थ काय हसत होते! तो पंजा पुसायला हसाकाकांची अख्खी दुपार गेली. पंजा गेला, पण त्याच्या वजनानं शर्टाला पडलेल्या चुण्या काही केल्या जाईनात. शेवटी तशाच दिल्या. तेव्हापासून त्यांच्या मनात एक पाल चुकचुकत राहिली होती, की दुखण्यातून उठलेल्याला सहलीला नेतात ते शेवटच्या फोटोसाठीच.

अशा माणसाला अटॅक आला. स्टुलावर एक तरुण मास्तर पासपोर्टच्या फोटोसाठी बसला होता. हसाकाका म्हणाले, "अजिबात हलू नका," आणि स्वतःच आडवे झाले. मास्तर बिचारा आज्ञाधारक, क्षणभर मान ताठ करून तसाच बसून राहिला. लेक काउंटरवरून धावली म्हणून निभावलं. हृदयात जाळी बसवली, घरच्यांचा जीव बरेच दिवस टांगणीला लागला, आणि मग एकदाचं डॉक्टरांनी घरी सोडलं.

गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, अटॅक आला त्याच आठवड्यात सगळे थीम पार्कला जाणार होते. जावई बोटीवर नोकरीला, त्यामुळे लेक आणि सहा वर्षांची नात हसाकाकांच्याच घरी. नातीला तिथलं अस्वल दाखवायचा शब्द दिलेला. हॉस्पिटलात तिला आजोबांच्या खाटेजवळ नेलं तेव्हा नळ्या, यंत्रं, सगळं डोळे मोठे करून बघून झाल्यावर ती म्हणाली, "आजोबा, अस्वल थांबेल ना आपल्यासाठी?"

सगळे हसले. हसाकाकांच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला.

घरी आल्यावर महिनाभरात बायकोनं विषय काढला. ती बोलायला फटकळ. "अहो, डॉक्टर हो म्हणालेत. उंच पाळण्यात बसायचं नाही, धावपळ करायची नाही, एवढंच. बाकावर बसून राहा नि आमच्याकडे बघा. घरी तरी दुसरं काय करताय?"

"मला नाही यायचं. तुम्ही जा."

"का पण?"

"गर्दी असते."

"गर्दीत शिरायला कोण सांगतंय तुम्हाला? जरा बाहेरची हवा लागेल. पोरगी रोज विचारते, तिला काय सांगू?"

खरं कारण सांगायची सोय नव्हती. अस्वल माझी वाट बघतंय, असं धडधाकट डोक्याचा माणूस बायकोला सांगतो थोडंच! हसाकाका वर्तमानपत्रात तोंड घालून बसले.

दुकानात पुन्हा जायला लागले त्या पहिल्याच दिवशी एक बाई ओळखपत्राचे फोटो न्यायला आल्या. लेक चहा सांगायला बाहेर गेली होती. हसाकाकांनी तयार कामांचा खण उघडला आणि पाकिटं चाळायला लागले. बाईंचं पाकीट सापडलं, त्यांना दिलं, त्या गेल्या. खणाच्या तळाशी एक मोठं पाकीट होतं, नाव न लिहिलेलं. लेक नाव घातल्याशिवाय पाकीट ठेवत नसे, म्हणून त्यांनी ते उघडलं.

आत ते स्वतः होते. एकटे. मागे फिकट निळा रंग.

फोटो ओळखीचा होता. एका नातलगाकडच्या समारंभातला, त्यात शेजारी बायको होती, पलीकडे व्याही होते. ते सगळे पुसलेले. चेहऱ्यावर आठ्या, नजर कॅमेऱ्यावर नाही, कॅमेरा धरणाऱ्याच्या चुकांवर. मागच्या बाजूला छपाईची तारीख होती, आणि त्या तारखेला हसाकाका अतिदक्षता विभागात होते.

त्यांनी पाकीट होतं तसं ठेवलं आणि स्टुलावर जाऊन बसले. लेक चहा घेऊन आली, म्हणाली, "बाबा, दमलात का?" ते म्हणाले, "नाही." त्यापुढे ताकास तूर लागू दिली नाही.

पण त्या दिवसापासून माणूस घरात असून नसल्यासारखा झाला. दाढी करताना आरशात बघावं, तर मागची पांढरी भिंत हळूहळू निळी व्हायला लागे. बाकीचे हसतबोलत असले की वाटे, आपल्याभोवतीच्या कडा कुणीतरी कधीच कापून ठेवल्यात, आता उचलायचं तेवढं बाकी आहे. नात मांडीवर येऊन बसली तरी ते दचकत. बायकोनं सहलीसाठी नवा पांढरा शर्ट आणला आणि अंगाला लावून बघत म्हणाली, "खुलून दिसतोय हं तुम्हाला." खुलून दिसतोय! कशावर? निळ्यावर? लेकाचे, सगळे मिळून चांगल्या फोटोच्या तयारीला लागलेत, असा विचार त्यांच्या मनात आला आणि तो काही केल्या जाईना.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर लेक म्हणाली, "बाबा, चला ना. तुमच्याशिवाय मजा नाही."

मग मात्र त्यांचा तोल सुटला. "कशाला नेताय मला? चांगला हसरा फोटो पाहिजे म्हणून? आहे तो केलायस ना तयार! छापून पाकिटात घालून ठेवलायस! आणखी एक कशाला?"

"कुठला फोटो?" बायको म्हणाली. तिला खरंच काही माहीत नव्हतं. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं नातीला आतल्या खोलीत पाठवलं.

"डॉक्टर म्हणाले होते, जवळच्यांना कळवून ठेवा," ती म्हणाली. "आईला मी ते सांगितलंच नाही. मला तिथे बसवेना. दुकानात आले, शटर अर्धं ओढून घेतलं. काय करू ते कळेना बाबा. हाताला दुसरं येतंय काय? तुमचा एखादा बरा फोटो शोधायला बसले. सगळे फोटो पालथे घातले. आमचे सगळ्यांचे आहेत, शेकड्यांनी आहेत. तुमचा नाही. तुम्ही कुठे नाहीच आहात! होता तो एकच, तोही रागावलेला. मला इतका राग आला तुमचा... आणि मग मी तोच घेतला. नंतर फाडायचा होता. फाडवेना."

बायको तोंडाला पदर लावून रडत होती. हसाकाका म्हणाले, "डावा कान बिघडवलायस."

"काय?"

"डावा कान. कड फाटलीय सगळी. तुझी कड कधी फाटत नाही. मी बघितल्या बघितल्या मनात म्हटलं, हे काम हिचं कसं?"

"हात थरथरत होता हो बाबा!" असं म्हणून ती लहान मुलीसारखी हमसून हमसून रडायला लागली. इतक्या दिवसांत हसाकाकांनी पहिल्यांदाच माणसासारखा हात पुढे केला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. भीती गेली होती असं नाही. पण त्या निळ्या कागदाच्या पलीकडे कुणीतरी थरथरत बसलं होतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ते गेले थीम पार्कला. पांढरा शर्ट घालून, खिशात गोळ्या घेऊन. दिवसभर बाकावर बसले, पाळण्यांमधून येणाऱ्या किंकाळ्या ऐकून छातीवर हात ठेवत राहिले. आणि दुपार उतरताना अस्वल आलंच. तसंच, भलंमोठं, जाडजूड पंजांचं. नात किंचाळत धावली. हसाकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. पळून जावंसं वाटलं त्यांना, खोटं कशाला सांगा. पण ते उठले.

पार्कचा फोटोवाला म्हणाला, "आजोबा, तुम्ही जरा मोकळे उभे राहा."

"मोकळं नको," हसाकाका म्हणाले. "तू थांब. मी उभं करतो सगळ्यांना." जन्मभर लोकांना अंतर ठेवून उभं करणाऱ्या या माणसानं बायकोला ओढून तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं, तिचे केस स्वतःच्या गळ्यावर येऊ दिले. लेकीचा हात मानेमागून पुढे घेतला. नातीला बाकावर उभं करून तिचा गाल आपल्या गालाला घट्ट चिकटवला, डावा कान पुरता झाकला गेला. आणि अस्वलाला म्हणाले, "टाक बाबा पंजा. डोक्यावरच टाक."

लेक बघतच राहिली. मग हलकेच म्हणाली, "बाबा, यातून तुम्हाला एकट्याला काढताच येणार नाही."

"येणार नाहीच," हसाकाका म्हणाले, "मी उभं केलंय." आणि समोरच्या पोरावर खेकसले, "अरे, हसा म्हण ना!"

तो फोटो आता काउंटरच्या मागे लावलाय. ते पाकीटही खणात तसंच आहे, आतला फोटो कुणी फाडला नाही. गिऱ्हाईक नसलं की हसाकाका फोटोसमोर उभे राहतात आणि सवयीनं स्वतःच्या कडेवरून बोट फिरवत जातात. बोट दर वेळी नातीच्या गालापाशी अडतं, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.