दादा नाही म्हणतात

वकीलसाहेबांचे थोरले भाऊ वारले, तरी सोलापुरातल्या त्यांच्या ऑफिसात कायदा दादाच सांगत. दादांनी हयातभर कामगार खटल्यांचे निकाल कार्डांवर उतरवले होते. कार्डाच्या कडेला ओळीने भोकं, प्रत्येक भोक एका विषयाचं. निकाल ज्या विषयाचा, त्याचं भोक कडेपर्यंत कापून उघडं केलेलं. त्या भोकातून विणायची सुई घालून गठ्ठा उचलला, की तेवढी कार्डं टेबलावर पडत. बाकीची सुईला लटकत. साहेब म्हणत, "दादांना विचारू."

मी तेव्हा युनियनची पत्रकं लिहायचो आणि पोटासाठी त्यांच्याकडे टायपिंग करायचो.

एका दुपारी घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी बाई आली. हात दुखावला म्हणून कारखानदाराने तिचं काम बंद केलं होतं. ती त्याची कामगार ठरली, तरच दावा चालणार होता. साहेबांनी 'घरी काम'च्या भोकात सुई घातली, गठ्ठा उचलला, हलवला. काहीच पडलं नाही.

"दादा नाही म्हणतात, बाई."

"मेलेल्या माणसाला कशाला तरास, सायेब? मी जिती हाय की हितं! मला इचारा!"

ती गेल्यावर मी भांडलो.

"तुझ्या पत्रकावर न्यायाधीश सही करत नाही," साहेब म्हणाले.

मग मी एकेक कार्ड वाचायला घेतलं. सापडलं. घरी विड्या वळणाऱ्या बायका कामगारच, असा निकाल. दादांनी त्यावर फक्त 'विडी'चं भोक कापलं होतं. मी कार्ड पुढे केलं. साहेब निकाल वाचेनात, नुसतं भावाचं अक्षर बघत राहिले.

"दादांच्या कार्डाला कात्री लावायची नाही."

मी लावली, 'घरी काम'चं भोक उघडं केलं. सुई घालून गठ्ठा उचलला आणि कार्ड पडलं. कुणी वडीलधारं आत यावं तसे साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. मग बसले आणि मला दावा सांगू लागले.

दाव्यावर अंगठा उठवताना, परत बोलावलेल्या बाईने विचारलं, "आता व्हय म्हनले का तुमचे दादा?"

दावा दाखल झाला. मी साहेबांना विचारलं, याआधी अशा किती जणी परत गेल्या?

"आल्या होत्या काही."

"त्यांची नावं?"

"ज्यांचा खटलाच नाही, त्यांची नावं कोण लिहितं?"

अजून नवी पेठेच्या गर्दीत एखादी बाई थबकून माझ्याकडे बघते, आणि मला तिच्या डोळ्याला डोळा देता येत नाही.