दारावरची झडती

मी शाळेत शिकवते, म्हणून अप्पांच्या आजाराचाही मी अभ्यासच घ्यायला लागले. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश झालाय असं कळलं, त्याच आठवड्यात भिंतीवर वेळापत्रक लागलं. सकाळी चालणं, मग चार अक्रोड, शब्दकोडं, दुपारी शेजारच्या काकांशी गप्पा, वेळेवर झोप. मेंदूच्या संशोधनाबद्दल जे जे वाचलं, ते ते मी त्यांच्यावर लादलं. डॉक्टर म्हणाले होते, "या सवयी चाळिशी-पन्नाशीतच लावलेल्या बऱ्या. धोका कमी होतो, पण हमी कुणीच देत नाही. आता यांना आनंदात ठेवा." शेवटचं वाक्य मी सोयीस्करपणे कानाआड केलं.

निवृत्तीनंतर अप्पांना कमी ऐकू यायचं. "मी काय म्हातारा झालोय?" म्हणत त्यांनी कानाचं मशीन टाळलं आणि आम्हीही हसण्यावारी नेलं. जेवायला वाढलंय एवढंच अप्पांना ऐकू येतं, अशी आमची घरची थट्टा होती. ऐकणं कमी झालं की बोलणं आटतं आणि त्याचा मेंदूवरही परिणाम होऊ शकतो, हे मी फार उशिरा वाचलं. ती थट्टा अजून टोचते.

मला एकच हवं होतं. त्यांनी बाकी सगळं विसरावं, पण मला विसरू नये. म्हणून रोज सकाळी हातावर अक्रोड ठेवताना मी विचारायची, "अप्पा, मी कोण?" आधी ते हसून म्हणायचे, "तू माझी माय." मग नुसतंच हसायला लागले. मग तेही थांबलं. बुद्धवंदनेतलं पाली त्रिशरण-पंचशील मात्र तोंडपाठ, एक शब्द चुकायचा नाही. पाली आठवते आणि पोटची पोर आठवत नाही, याचा मला संताप यायचा. एकदा मी त्यांच्यावर ओरडले. ते मान खाली घालून बसले. वर्गात उत्तर न आलेली पोरं बसतात ना, तसे. त्या दिवसाची मला लाज वाटते.

अप्पांची सगळी नोकरी नाशिक रोडला, नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये झाली. तिथून सुटताना रोज झडती व्हायची. साधी टाचणीसुद्धा कधी बाहेर आणली नाही, हे ते अभिमानानं सांगायचे. आता संध्याकाळी पाच वाजले की ते घराच्या दारात जाऊन दोन्ही हात वर करून उभे राहायचे. झडती झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत. "अप्पा, हे घर आहे," असं म्हणत मी त्यांचे हात खाली ओढायची. ते पुन्हा वर करायचे.

गेल्या हिवाळ्यात एकदा मी शाळेतून दमून आले होते. वाद घालायचं त्राण नव्हतं. म्हटलं, करूया झडती. खांदे चाचपले, कुशी चाचपल्या. सदऱ्याच्या खिशात काहीतरी लागलं. हात घातला तर अक्रोड. त्या दिवसाचे चार, आणि आदल्या दिवसाचेही.

अप्पांचा चेहरा पडला. हात तसेच वर. चांदवडकडची त्यांची लहानपणची बोली अलीकडे परत आली होती.

"सायेब, पयल्यांदाच नेतोय. चोरलं नाय. माझ्या वाटचं हाय."

"कुणासाठी?" मी विचारलं.

"पोरीसाठी. तिची परीक्षा हाय. डोक्याला चांगलं असतं म्हणं."

माझी शेवटची परीक्षा होऊन तीस वर्षं झाली असतील. मला रडू आवरेना, आणि झडती घेणाऱ्यानं रडायचं नसतं एवढं मात्र कळत होतं. मी अक्रोड एकेक करून त्यांच्या खिशात परत ठेवले.

"जा," मी म्हटलं. "वाट बघत असेल ती."

त्यांनी हात खाली घेतले आणि खिशावर तळवा दाबून भराभरा फाटकाकडे निघाले. मी पायात चपला सरकवल्या आणि त्यांच्यामागे चालू लागले.