खोली तापेपर्यंत

रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात मीटिंग संपवून मी जागेवर येत होते, तेवढ्यात आमच्या मजल्यावरच्या चिनी आंटींचा फोन आला. एरवी त्या मला कधी फोन करत नाहीत. "युअर फ्रेंड आह, वसुधा... यू कम होम फर्स्ट, कॅन?" एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. त्या थांबण्यातच मला कळलं. घरापर्यंत, म्हणजे चोआ चू कांगपर्यंत, एमआरटीच्या ट्रेनमध्ये बसायला जागा होती, तरी मी उभीच राहिले. वसुधा सकाळी भाजी घेऊन आली होती. लिफ्टपाशी छातीत दुखतंय म्हणाली आणि हॉस्पिटलात पोचायच्या आत गेली. काही आठवडे झाले त्याला. अजूनही भाजी घेताना कढीपत्त्याची जुडी तिच्यासाठी म्हणून हातात घेतली जाते, मग परत ठेवते.

आमची ओळख एका जॅकेटमुळे झाली. आम्ही नुकतेच पुण्याहून आलो होतो. एका दुपारी आमच्या खिडकीबाहेरच्या बांबूवर, माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर, वरून एक जाडजूड जॅकेट येऊन पडलं. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या, आणि हे बर्फात घालायचं जॅकेट. मी ते घेऊन वर गेले, तर दार उघडणाऱ्या बाईंनी माझ्या तोंडाकडे बघूनच मराठीत विचारलं, "पुण्याच्या का?" त्या बाई म्हणजे वसुधा. आंग मो किओ भागातल्या एका कारखान्यात ती इंजिनिअर होती. थंड देशांत घरोघरी भिंतीच्या तळाशी, जमिनीलगत, लांबट पट्टीसारखे विजेचे हीटर असतात. त्यांचं तापमान राखणारे थर्मोस्टॅट तिच्या कारखान्यात बनत आणि बर्फासारख्या गार खोलीत ठेवून ती ते तपासत असे. त्यासाठी ते जॅकेट. "जन्मभर दुसऱ्यांची थंडी घालवतेय मी," ती म्हणायची, "स्वतः खरी थंडी कधी बघितलीच नाही."

नवरा लवकर गेला. लेकीला, ईशाला, तिने एकटीने वाढवलं. ईशा हुशार, इथेच शिकली, बँकेत चांगल्या नोकरीला लागली, आणि एके दिवशी ती नोकरी सोडून मॉन्ट्रियलला निघाली. तिथला एक मुलगा तिला आवडला होता. वसुधा तेव्हा फार कडू बोलली. शेवटी म्हणाली, "जातेस तर जा, मग मला काही सांगू नकोस." ईशाही आईचीच लेक, तिने ते शब्दशः पाळलं. दिवाळीला मेसेज, वाढदिवसाला मेसेज. लग्नाचे फोटो आले, पुढे मुलगी झाल्याचा फोटो आला. वसुधा तो फोटो मला दाखवायची आणि म्हणायची, "नाक आमच्या घरचं आहे." पण फोन उचलून बोलायची नाही.

आणि मग एका रविवारी सकाळी, मी तिच्याकडे चहाला गेलेली असताना, ईशाचाच व्हिडिओ कॉल आला. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "आई, बाळाच्या खोलीत एकतर भट्टी, नाहीतर बर्फ. भिंतीवरचं ते गोल बटण कितीही फिरवलं तरी तसंच. काय करू?" वसुधाने कप खाली ठेवला. तिचा आवाज एकदम कारखान्यातला झाला. "फोन भिंतीजवळ ने. हं... डायलचा आहे हा. आत दोन धातूंची पट्टी असते, तापली की वाकते, पण फार सावकाश. तोवर खोली उकळते. डिजिटल लावावा लागेल. मी पाठवते."

पार्सल पोचल्यावर पुढच्या रविवारपासून काम सुरू झालं. "आधी बोर्डावरचा त्या हीटरचा एमसीबी स्विच पाड. पाडलास? आता टेस्टर लावून बघ. मला दाखव. हं, आता स्क्रू काढ." ईशाचा नवरा बाळाला कडेवर घेऊन मागे उभा असायचा, आणि बाळ स्क्रूड्रायव्हरकडे टक लावून बघायचं. नवा थर्मोस्टॅट बसला, आकडे उजळले. वसुधा म्हणाली, "आता खोली तापेपर्यंत थांबायचं. फोन चालू ठेव." खोली तापेपर्यंत दोघी बोलल्या. आधी बाळाच्या झोपेबद्दल, मग मऊ भाताबद्दल. फोन ठेवताना वसुधाने बजावलं, "एका वेळी एकच खोली करायची. आठवडाभर नीट चालतोय का बघायचं, मग पुढचा."

मी तिला नंतर विचारलं, "खरंच एवढं थांबावं लागतं?"

"नाही," ती म्हणाली आणि पातेल्यात साखर टाकत राहिली.

असे कितीतरी रविवार गेले. बैठकीची खोली झाली, झोपायची झाली, स्वयंपाकघर झालं. मधेच एका रविवारी ईशा वायर जोडत असताना वसुधा एकदम म्हणाली, "ईशा, तेव्हा मी जे बोलले ना... ते भीतीपोटी बोलले. मग इथे माझं कोण, असं झालं होतं मला."  मग ईशा म्हणाली, "आय नो, आई. मलाही तसंच झालं होतं." आणि नाक ओढून म्हणाली, "ही वायर नीट बसत नाहीये, बघ ना." मी उठून गॅलरीत गेले. आत दोघी वायरीबद्दल बोलत होत्या.

सगळ्या खोल्या झाल्यावर ईशाला अचानक आठवलं, मागे एक छोटी खोली आहे, तिथे अजून डायलच आहे. "हा राहू दे," ती म्हणाली. "तू डिसेंबरमध्ये ये आणि स्वतःच्या हाताने बसव." वसुधाने त्याच संध्याकाळी तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशी आम्ही खाण्याचे स्टॉल असलेल्या हॉकर सेंटरमध्ये जेवत होतो, चारी बाजूंनी पंखे गरगरत होते, आणि ती मला बर्फात घालायच्या बुटांचे प्रकार समजावून सांगत होती. इतकी खुश मी तिला त्याआधी पाहिली नव्हती.

डिसेंबर यायच्या आतच ती गेली...

ईशा बाळाला घेऊन आली. सगळं झाल्यावर आम्ही दोघी मिळून फ्लॅट आवरत होतो. कपाटात, उघडून ठेवलेल्या बॅगेत, मागच्या खोलीसाठीचा नवा थर्मोस्टॅट खोक्यासकट निघाला. ईशा तो हातात धरून जमिनीवरच बसली. "मावशी, सगळ्या खोल्यांचं काम एका दुपारचं होतं," ती म्हणाली. "मी व्हिडिओ बघितला होता. पहिल्या रविवारीच मला कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर संपलं असतं ना."

मागच्या रविवारी तिचा मला फोन आला. तिकडे थंडी सुरू झालीय. ती त्या छोट्या खोलीत स्वेटर घालून बसली होती, बाळ रजईत. "नवा लावलास का?" मी विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. उठून फोन भिंतीजवळ नेला आणि डायल हळूच फिरवला. टक् असा बारीकसा आवाज झाला.

"ही खोली तापायला फार वेळ लागतो, मावशी," ती म्हणाली. "तुला घाई नाही ना?"

मी चहाचा कप घेऊन बसले.