पहिला दाब धरायचा नाही

आमच्या धाकट्या भावजींना प्रयोगशाळेत सगळे 'दगडोबा' म्हणतात. तेल कंपनी जमिनीच्या पोटातून वाळूच्या दगडाच्या कांड्या वर काढते. त्या यंत्रात घालून दाबायच्या आणि किती दबतात ते मोजायचं, ही त्यांची नोकरी. तिथली रीत अशी, की पहिला दाब धरायचा नाही. वर येताना दगड सैलावतो, म्हणून तो एकदा नीट बसू द्यायचा आणि दुसऱ्या दाबाचा आकडा लिहायचा. नव्या माणसांना ही रीत भावजींनीच शिकवली.

वन्संनी तेलविहिरींच्या बाजूला घर बांधायचं ठरवलं, तेव्हा आधी भावाला विचारलं, "जमीन खचणार नाही ना रे?"

"ताई, डोळे मिटून बांध. तिथला दगड मी स्वतः दाबलाय. तुझ्यापेक्षा कडक आहे!"

वन्सं हसल्या. नवऱ्यामागे जे काही उरलं होतं, ते सगळं त्यांनी त्या भिंतींत घातलं.

तेल उपसलं जात राहिलं. हळूहळू वन्संच्या देवापुढच्या दिव्यातलं तेल एका अंगाला जमू लागलं. मग दारं अडू लागली, भिंतीला तडा गेला. "पाया कच्चा असणार," भावजी म्हणाले. वन्संनी गवंड्याचा उद्धार केला.

परवा भावजींनी त्याच जागेची जपून ठेवलेली दुसरी कांडी दाबली आणि या वेळी पहिला दाबही मांडला. दगड कितीतरी पट जास्त दबला. सैलपणा म्हणून जे सोडून देत आले, त्यातच खरं खचणं होतं.

ते सांगायला गेले, तेव्हा मी सोबत होते.

"खाली तेल होतं तोवर वरचा थोडा भार ते पेलत होतं, ताई. आता सगळा वाळूच्या कणांवर आलाय."

"मग कंपनीला म्हणावं, तेलाच्या जागी पाणी भरा."

"भरलं तर खचणं थांबेल. खचलेलं वर येत नाही."

मी दिव्यातली वात तेलाच्या बाजूला सरकवली.

"त्या गवंड्याला मी काय काय बोलले रे," त्या म्हणाल्या. "बिचारा ते मनात घेऊनच मेला. तू तेव्हा इथेच बसला होतास."

भावजी उठले. कोपऱ्यातला रंधा घेऊन अडणाऱ्या दारापाशी बसले. वन्संनी तो हातातून काढून घेतला.

"तू मोजलेलं पुरे झालं. आता तासू नकोस."

आम्ही बाहेर पडलो. आतून त्या खांद्याने दार रेटत होत्या. भावजी पायरीवर थांबले, पण दार काही लागलं नाही.