बिनस्क्रीनचं यंत्र

गेल्या वर्षी चाकणच्या कारखान्यात प्रेस मशीनवर पत्र्याचा तुकडा उडून माझ्या नवऱ्याचे, अझहरचे, दोन्ही डोळे गेले. परवा त्याचा ठेकेदार बबनराव आमच्या निगडीच्या घरात घुसला आणि 'चूक माझीच होती' असं लिहिलेल्या कागदावर अंगठा मागू लागला. अझहरने अंगठा दिला नाही. त्या हरामखोराने त्याच्या कानाखाली वाजवली, मग पट्टा काढून पाठ फोडली.

"मशीनचा सेफ्टी गार्ड मीच काढायला लावला. काय करशील?" बबनराव ओरडला.

मांडीवरच्या ब्रेल यंत्रावर अझहरची बोटं चालूच होती.

"हे काय?"

"पुस्तकं डाउनलोड करून वाचतात ते," मी म्हणाले.

"वाच, आंधळ्या."

यंत्राला स्क्रीनच नव्हती. बबनरावचा शब्दन् शब्द अझहरने त्यावर टाइप केला आणि तो ईमेलने फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे गेला.

तोंडातलं रक्त थुंकून अझहर म्हणाला, "आता मारा, बबनराव. तेही पुढच्या मेलमध्ये लिहितो."