बावन्न, त्रेपन्न, बावन्न

विश्वकिरण मोजायचं तीन दिवसांचं प्रशिक्षण मंगरूळपीरला होतं. आमच्या शाळेत विज्ञान मीच शिकवतो, त्यामुळं कोण जाणार, असा प्रश्न नव्हता. मुख्याध्यापक म्हणाले, "इग्यान तुमच्याकडंच हाये. जाऊन या." मी मेडशीहून एस.टी. धरली.

आम्ही वीस-बावीस शिक्षक होतो आणि दोघांत एक यंत्र होतं. काळ्या टेपात गुंडाळलेल्या, टपाल तिकिटाएवढ्या दोन पट्ट्या एकावर एक, शेजारी लाल आकडे दाखवणारा डबा. प्रशिक्षक बाई बाहेरगावच्या, वयानं आमच्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी सांगितलं की अंतराळातून येणारे कण वर हवेवर आदळतात, त्यातून म्यूऑन नावाचे कण तयार होतात आणि ते छतातून, आपल्या डोक्यातून थेट जमिनीत जातात. एकच कण दोन्ही पट्ट्यांतून गेला की आकडा एकानं वाढतो.

"त्रास नाही ना होत काही?" मागून एकानं विचारलं.

"जन्मापासून जातायत," बाई म्हणाल्या.

माझ्या जोडीला रिठदच्या एक मॅडम होत्या. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. दर दहा मिनिटांनी आकडा वहीत उतरवायचा आणि डबा पुन्हा शून्यावर आणायचा, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी मॅडमनी घेतली, दुपारची मी.

दुपारी मुख्याध्यापकांचा फोन आला. शाळेतल्या स्वच्छतागृहांची माहिती तात्काळ पाठवायची होती. मी व्हरांड्यात जाऊन ती भरली. भरेपर्यंत दीड तास गेला. आत आलो तर वहीत नऊ रकाने कोरे. मॅडमचे सकाळचे आकडे पाहिले, मनातल्या मनात सरासरी काढली आणि लिहिलं: बावन्न, त्रेपन्न, बावन्न, एक्कावन्न. जास्त उड्या मारू दिल्या नाहीत. उगाच कुणाला शंका यायला नको.

तिसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांचे आकडे पडद्यावर लावले. प्रत्येकाचे ठिपके वरखाली विखुरलेले होते. आमचेही तसेच होते, दुपारपर्यंत. पुढं नऊ ठिपके पट्टीनं आखल्यासारखे एका ओळीत.

"कण ठरवून येत नाहीत," बाई म्हणाल्या. "कधी चव्वेचाळीस येतील, कधी साठ. इतके शिस्तीत ते कधीच येत नाहीत. या यंत्राला दुपारी काय झालं होतं?"

यंत्र बिघडलं होतं, असं म्हणता आलं असतं. मॅडम शेजारी बसल्या होत्या आणि वहीवर दोघांची सही होती. मी उभा राहिलो.

"यंत्राले काही झालं नाही. मी बाहेर होतो. ते आकडे मी लिवले."

मग दुसऱ्या रांगेतले एक सर उठले. त्यांनीही दोन आकडे मनानंच टाकले होते. त्यांच्यामागून आणखी एक जण उठले, त्यांचे तीन. बाईंनी सगळे नोंदवून घेतले. रागावल्या नाहीत. ते जास्त जड गेलं. चहाच्या सुट्टीनंतर आम्हाला पुन्हा मोजायला बसवलं.

मॅडमनी वही माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाल्या, "मले सांगतलं असतं त मी बसली असती. काहून नाही सांगतलं?"

"लाज वाटली."

"मंग आता लिवा. किती आले?"

डब्यावर त्रेसष्ट होतं. आदल्या दहा मिनिटांत पंचेचाळीस आले होते. माझा हात थांबला.

"मॅडम, हे लय जास्त वाटून राह्यलं."

"आलं ते आलं. तुमाले काय करा लागते?"

मी त्रेसष्ट लिहिलं. त्या दिवशीची चारची गाडी चुकली, पण नऊही रकाने भरले.

हिवाळ्यात ते यंत्र पंधरा दिवस आमच्या शाळेत आलं. आठवीच्या वर्गाला मी मंगरूळपीरची गोष्ट सांगितली, माझ्या नऊ आकड्यांसकट. मग एका मुलीनं विचारलं, "सर, मंग तुमाले पास केलं काय?"

"केलं."

"कायले?"

मी तिला वही दिली आणि पहिली पाळी तिची लावली.