अर्बाबाकडचे बारा शब्द

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, पण राग मात्र अजून येतो. रत्नागिरीकडचा हा एसी मेकॅनिक मस्कतमधल्या अल खौदच्या कॅफेटेरियात रोज चहात परोटा बुडवून खायचा. त्यानं घेतलेल्या बिटकॉइनचा भाव कोसळत होता, म्हणून मोबाइल टेबलावर पालथा ठेवायचा. "विकायचं नाय, धरून ठेवायचं," म्हणायचा. मला त्याची ती जिद्द आवडायची.

बिटकॉइनच्या पाकिटाची चावी म्हणजे बारा इंग्रजी शब्द. एकदा मी विचारलं, "ते नीट जपून ठेवलेस ना?"

"अर्बाबाकडे दिलेत. एकदम सेफ."

माझं डोकंच फिरलं. "मालकाला दिलेस? अरे, ते शब्द ज्याच्या हातात, त्याचेच पैसे!"

"पासपोर्ट पण त्याच्याकडेच हाय ना," तो शांतपणे म्हणाला.

"तोही त्यानं ठेवायचा नसतो! आजच्या आज दोन्ही मागून आण!" मी टेबलावर हात आपटला. सगळे वळून बघायला लागले. सांडलेला चहा त्यानं बाहीनं पुसला आणि अगदी सहज विचारलं, "तुमचा पासपोर्ट कुठं हाय?"

माझा कंपनीच्या तिजोरीत होता.

मी त्याच्यावर आणखीच ओरडलो.